डाव्या पायाचा प्रश्न

मोटारीच्या गिअरवरून घरांत वाद व्हावा, आणि तो दोन महिने चालावा, असा प्रसंग आमच्यावर येईल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. एकत्र कुटुंब म्हटलें कीं वाद आलेच. आमच्याकडे ते मुलांच्या शिक्षणावरून होतात, मुंजीला किती पानें मांडावीं यावरून होतात, आणि देवघराला रंग कोणता द्यावा यावरूनहि झालेले आहेत. पण हा वाद निराळा होता. त्याच्या एका टोंकाला आमच्या थोरल्या बंधूंचा डावा गुडघा होता आणि दुसऱ्या टोंकाला दिंडोरी तालुक्यांतील आमची तीन एकरांची द्राक्षबाग.

हकीकत अशी. २०२४ च्या एप्रिलांत खरड छाटणी उरकली आणि पुढच्या पंधरवड्यांत आमच्या विहिरीनें तळ दाखविला. जुन्या वेलींचीं मुळें खोल. रात्रभर विहिरींत झिरपून येणारें पाणी त्यांना कसेंबसें पुरवितां येत होतें. अडचण होती ती आदल्या वर्षीं लावलेल्या चारशें रोपांची. रोपागणिक रोज सात-आठ लिटर पाणी पोंचलें तर तीं जगणार, नाहीं तर वर्षाची मेहनत आणि पैसा मातींत जाणार. पाऊण मैलावर ओढ्याकांठीं एका शेजाऱ्यांच्या विहिरीला पाणी होतें आणि त्यांनीं तें मोकळ्या मनानें देऊं केलें. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना. गांवांतले सगळे ट्रॅक्टर पाणीच वाहत होते. तेव्हां आमची जुनी जीप, तिच्यामागें दोन चाकांची ट्रॉली आणि ट्रॉलीवर हजार लिटरची टांकी, असा सरंजाम आम्हीं जुळविला. रोज तीन खेपा करावयाच्या असें ठरलें.

हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन, हें शाळेंतलें गणित. ट्रॉलीचें आणि टांकीचें वजन त्यावर. जीपच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाणारें ओझें, ब्रेक नसलेल्या दोन चाकांवर, मागें बांधून आम्ही ओढ्याची चढण चढवीत होतों. आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें आमच्यापैकीं एकाच्याहि मनांत आलें नाहीं. सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांत असें होतें, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करितों.

चौथ्या दिवशीं तिसऱ्या खेपेला पुतण्या जीप चालवीत होता. तो पुण्यास नोकरीला असतो. रजेवर आला होता. चढणीच्या मध्यावर वळण आहे. तेथें शेळ्यांचा कळप आडवा आला आणि त्यानें गाडी थांबविली. शेळ्या गेल्या, पण गाडी पुन्हां हलेना. मुरुमाचा चढ, मागें ओढणारें ओझें, आणि क्लच अर्धा दाबून धरलेला. इंजिन किंचाळत होतें आणि जीप जागच्या जागीं थरथरत होती. मग तो वास आला. ज्यांनीं जळणाऱ्या क्लचचा वास एकदां घेतला आहे त्यांना तो पुन्हां सांगावा लागत नाहीं. दादा खालून ओरडत होते, “पाय सोड! पाय सोड!” पण पाय सोडण्याची वेळ निघून गेली होती. जीप मागें सरूं लागली, हँडब्रेकनें तिला धरलें नाहीं, आणि ट्रॉली वळणावर आडवी होऊं लागली. दादांनीं धांवत जाऊन ट्रॉलीच्या चाकामागें दगड लावला. दगड बसला, त्यांचा डावा पाय मात्र मुरुमावरून घसरून गुडघ्यांत मुरगळला.

ओझें अजून दगडाला रेटीतच होतें. तेव्हां वहिनी पुढें झाल्या आणि त्यांनीं टांकीचा नळ पुरा उघडला. हजार लिटर पाणी लाल मुरुमांतून वाट काढीत खालीं ओढ्याकडे, ज्या विहिरींतून तें आणलें होतें तिच्याच दिशेनें, जाऊं लागलें. टांकी रिकामी होईपर्यंत आम्ही सर्व उभे होतों. कोणी एक शब्द बोललें नाहीं.

गुडघा पूर्वींच झिजलेला होता. त्यांत ही दुखापत. नाशकांतील डॉक्टरांनीं सांगितलें कीं डाव्या पायानें जड पेडल दाबणें यापुढें बंद. दादा अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांतलीं चव्वेचाळीस वर्षें त्यांनीं गाडी चालविली आहे. घरापासून शेतापर्यंत रोज तेच जातात. आम्ही बाकीचे रविवारचे शेतकरी. ते गेले नाहींत तर बाग कोण पाहणार? पुतण्यानें एके रात्रीं जेवणानंतर अगदीं हलक्या आवाजांत, “बाबा, विकायची का मग?” असें विचारलें. दादा उठून गच्चीवर गेले. त्या प्रश्नाला उत्तर म्हणूनच धाकट्या पुतणीनें दुसऱ्या दिवशीं ऑटोमॅटिक गाडीची गोष्ट काढली. क्लचचें पेडलच नाहीं, तर डाव्या पायाचा प्रश्नच कोठें उरतो?

दादांनीं ती एका वाक्यांत उडवून लावली. “ऑटोमॅटिक गाडी दिवाणखान्याची गाडी. तिला ट्रॉली ओढतां येत नाहीं. आणि पाणी, खत, क्रेट न्यायचें नसेल तर मीं शेतावर जाऊन काय हवा खायची?”

हें खरें कीं खोटें, तें पाहण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्ही यंत्रज्ञ नव्हे. पण दोन महिने वाचून, विचारून आणि मोटारदुरुस्तीच्या दुकानांत तासन् तास बसून जें कळलें तें असें.

ओढण्याच्या कामीं खरी कसोटी गाडी धांवत असतांना लागत नाहीं. ती हलण्याच्या क्षणीं लागते. इंजिन फिरत असतें आणि चाकें स्थिर असतात. या दोघांची गांठ घालावयाची म्हणजे मध्यें कांहीं तरी घसरलेंच पाहिजे, आणि जें घसरतें तें तापतें. हातगिअरच्या गाडींत घसरते ती क्लचप्लेट. सपाट रस्त्यावर एकटी गाडी असेल तर हें घसरणें एखाद्या सेकंदाचें. मागें टनभर वजन आणि पुढें चढ असला कीं तेंच पांच-दहा सेकंद चालतें, आणि ती सारी उष्णता एका कोरड्या, ताटलीएवढ्या तबकडीच्या अस्तरांत जाते. अस्तर जळलें कीं पकड गेली. एकदां सांधा पक्का बसल्यावर मात्र या रचनेसारखी इमानी दुसरी नाहीं; इंजिनाचें बळ फारसें वायां न जातां चाकांपर्यंत पोंचतें. ट्रॅक्टरलाहि सामान्यतः क्लचच असतो. पण त्याचे खालचे गिअर इतके संथ असतात कीं क्लचला फार वेळ घसरावें लागत नाहीं. आमच्या जीपला तसा संथ गिअर नव्हता.

खऱ्या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्यें क्लचप्लेटच्या जागीं टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. वाऱ्याच्या जागीं तेल घाला आणि दोन्ही पंखे एका डब्यांत बंद करा, कीं कल्पना आली. दोहोंच्या मध्यें आणखी एक लहान पात्यांचें चाक असतें. तें परतणाऱ्या तेलाला असें वळवितें कीं हलण्याच्या क्षणीं इंजिनाचा पीळ सुमारें दुपटीनें चाकांकडे जातो. म्हणजे जेथें आमची क्लचप्लेट हतबल झाली नेमकें तेथेंच याचें बळ जास्त. ही युक्ति मोटारीसाठीं निघालीच नव्हती. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरानें १९०५ सालीं ती जहाजांसाठीं काढली, कारण वाफेचें टर्बाइन वेगानें फिरतें आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९३९ सालीं ओल्ड्समोबिल गाड्यांसाठीं पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी बाजारांत आणली, आणि १९४८ च्या ब्यूइक गाडींत टॉर्क कन्व्हर्टर आला. आज तेथील ओझें ओढणाऱ्या मोठ्या पिकअप गाड्यांची स्थिति पाहावी. त्या वर्गांतली हातगिअरची शेवटची गाडी २०१८ च्या मॉडेलबरोबर संपली. आणि ती मिळत होती तेव्हांहि तिच्या इंजिनाचा पीळ ऑटोमॅटिकवाल्या गाडीपेक्षां मुद्दाम कमी ठेवलेला असे. दिवाणखान्याची गाडी म्हणावी तर तो दिवाणखाना चांगलाच मोठा दिसतो!

येथें एक मोठी मेख आहे, आणि तिच्यांत पुष्कळ घरें फसतात. ऑटोमॅटिक या एका नांवाखालीं बाजारांत तीन-चार वेगळीं यंत्रें विकलीं जातात. आपल्याकडे २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ गाडीपासून जी स्वस्त ऑटोमॅटिक पसरली तिला ए. एम. टी. म्हणतात. तिच्यांत पेडल नाहीं, पण क्लच आहे. आपल्या पायाच्या जागीं यंत्राचा पाय तो दाबतो. चढावर नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तीच तबकडी तशीच तापते. पुतण्याच्या हातून जें झालें तें यंत्राच्या पायाकडूनहि होऊं शकतें, एवढाच त्याचा अर्थ. शहरांतल्या कामाला ही गाडी उत्तम, ट्रॉलीला नव्हे. दोन क्लचांची आणि पट्ट्याची असेहि प्रकार आहेत, पण आमच्या कामाला त्यांचा विचार आम्हीं फार वेळ केला नाहीं.

टॉर्क कन्व्हर्टरमध्येंहि उष्णता नाहींशी होत नाहीं. ती तेलांत जाते. परंतु तेल फिरतें, थंड होण्याच्या नळ्यांतून जातें आणि परत येतें. तबकडीला अशी सोय नाहीं. तेल अति तापलें तर मात्र तेंहि बिघडतें, आणि पेटीच्या दुरुस्तीचा खर्च क्लचप्लेटच्या कित्येक पट असतो. हें दादांना सांगितलें तेव्हां ते लगेच म्हणाले, “बघा!” वादांत माणसाला आपल्या बाजूचें तेवढेंच ऐकूं येतें, हा नियम आमच्या घरालाहि लागू आहे.

जूनमध्यें गुडघा दुसऱ्या एका शल्यविशारदांना दाखवावयास आम्ही दादांना घेऊन मुंबईस गेलों. परत येतांना कसाऱ्याला गाडी नेहमीप्रमाणें थांबली आणि मागून इंजिनें लागल्याचा धक्का बसला. नाशिककराला हा धक्का आईच्या हांकेइतका ओळखीचा. थळ घाटांतून रेल्वे १८६५ सालीं सुरू झाली; चढ सदतीस फुटांस एक फूट, आणि तो चढावयास आजहि गाडीला मागून इंजिनांचा रेटा द्यावा लागतो. इगतपुरीला तीं सुटतात. दादा खिडकीशीं बसून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पुढून ओढायला आणखी इंजिनें लावतां आलीं नसतीं का? पण मग सगळा ताण डब्यांच्या सांध्यांवर येतो. आणि सांधा तुटला तर मागचे डबे खालीं धरायचे कोणी?” थोड्या वेळानें ते पुन्हां बोलले. “मला ओढण्याची भीति नाहीं रे. उतरायची आहे. उतारावर ट्रॉली मागून ढकलते. तेव्हां गाडीला दुसऱ्या गिअरमध्यें बांधून ठेवावें लागतें. तुमची ऑटोमॅटिक आपल्या मर्जीनें वरचा गिअर टाकील आणि मी नुसता ब्रेकवर. ब्रेक तापले कीं संपलें.”

हा आक्षेप मात्र खरा होता. ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा, हें जुन्या ड्रायव्हरांचें वचन पोकळ नाहीं. घाट उतरणाऱ्या गाडीचें सारें बळ नुसत्या ब्रेकवर टाकलें तर ब्रेकहि त्या क्लचप्लेटसारखेच भाजून निघतात. इंजिनाकडून गाडी आवळून धरली तर तो भार इंजिन घेतें. (आतां समृद्धि महामार्गाचा इगतपुरीकडील शेवटचा भाग जून २०२५ मध्यें खुला झाल्यापासून सुमारें आठ किलोमीटरच्या बोगद्यांतून मोटारींचा कसारा घाट चुकतो. घाट चुकतो, उंची चुकत नाहीं; ती सावकाश चढावी लागते, एवढेंच.)

दादांच्या आक्षेपाचें उत्तर वादानें मिळणार नव्हतें. सातपूरला राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे टॉर्क कन्व्हर्टरची मोठी डिझेल गाडी आहे आणि तिला चासीशीं पक्की बोल्ट केलेली आंकडी आहे. ते गाडी घेऊन शेतावर आले. पहिल्या खेपेस वजन कमी असावें म्हणून टांकी अर्धीच भरली. तीच चूक झाली. अर्ध्या टांकींतलें पाणी प्रत्येक धक्क्याला मागें-पुढें आदळतें, आणि गाडीला कोणी मागून हिसके देत असल्यासारखें वाटतें. भरलेली टांकी जड असते पण शांत असते. दुसऱ्या खेपेस पूर्ण भरली. स्नेह्यांनीं त्याच वळणावर मुद्दाम गाडी थांबविली. आम्ही ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना दगड घेऊन उभे. ब्रेकवरचा पाय निघाला, अॅक्सिलरेटर दाबला गेला, आणि गाडी एखाद्या बैलजोडीनें मान खालीं घालून पाऊल टाकावें तशी, आवाज न करतां, वर गेली. वास आला नाहीं. वहिनींनीं नळावरचा हात काढला.

मग उतार. रिकामी ट्रॉली घेऊन खालीं येतांना गाडीनें दादांच्या भाकिताप्रमाणें खरोखरच वरचा गिअर टाकला आणि वेग घेऊं लागली. शेजारीं बसलेल्या दादांचा हात आपोआप दांड्याकडे गेला. स्नेह्यांनीं शांतपणें दांडा बाजूला सरकवून खालीं ओढला. पट्टीवर दोनचा आंकडा आला, आणि इंजिनानें गाडी आवळून धरली. हातानें गिअर निवडण्याची ही सोय बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत असते, एवढेंच कीं शहरांत ती कोणी वापरीत नाहीं. दादा त्या आंकड्याकडे पाहत राहिले. “हें आधीं कोणी कां सांगितलें नाहीं?” असें ते थोड्या रागानेंच म्हणाले. आम्हीं सांगितलें होतें. पण त्या दिवशीं तें बोलून दाखविण्यांत शहाणपण नव्हतें.

नंतर त्यांनीं स्वतः चालवून पाहिली. पहिल्याच वेळीं थांबतांना त्यांचा डावा पाय चव्वेचाळीस वर्षांच्या संवयीनें क्लच शोधावयास गेला आणि ब्रेकच्या रुंद पेडलावर जोरानें पडला. आम्ही सर्व पुढच्या कांचेवर आदळतां आदळतां वांचलों, आणि गुडघ्यांतून कळ गेली ती वेगळी. वहिनींनीं तेथल्या तेथें नियम केला: डावा पाय सीटकडे मागें ओढून ठेवायचा, आणि त्या पायांत चप्पल घालायची नाहीं, म्हणजे तो बाहेर पडला कीं उघड्या तळव्याला कळेल. आठवडाभर त्या शेजारीं बसून नुसत्या “अहो, पाय!” एवढेंच म्हणत होत्या.

ऑगस्टमध्यें आम्हीं एक जुनी, पण चांगली निगा राखलेली ऑटोमॅटिक डिझेल गाडी घेतली. घेण्यापूर्वीं या खेपेस तिची पुस्तिका वाचली. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला तिच्यांत साडेसातशें किलोची मर्यादा घातलेली होती, ट्रॉलीचें वजन धरून. म्हणजे जीपमागें आम्ही जें ओझें बांधलें होतें तें याहि गाडीला वर्ज्य. स्नेह्यांच्या गाडीवरचा आमचा प्रयोगहि फार शहाणपणाचा नव्हता. जळलेल्या क्लचचा दोष गिअरच्या पद्धतीवर जितका होता त्याहून अधिक आमच्या टांकीवर होता. ट्रॉलीवर आतां पांचशें लिटरची टांकी आहे, खेपा दुप्पट होतात, आणि दर तिसऱ्या खेपेनंतर इंजिन चालू ठेवून गाडी आंब्याखालीं उभी करावयाची, म्हणजे तेल फिरत राहून निवतें, असा शिरस्ता आहे. तेवढ्यांत दादांचा चहा होतो.

चारशें रोपांपैकीं एकशें तीस त्या उन्हाळ्यांत गेलीं. बाकीचीं उभीं आहेत. विकण्याचा विषय पुन्हां निघाला नाहीं.

दादा पूर्णपणें वश झाले असें मात्र वाचकांनीं समजूं नये. जानेवारींत गाडीची बॅटरी शेतावरच बसली. जीप असती तर चार माणसांनीं धक्का मारून सुरू केली असती. हिला धक्का लागत नाहीं. दोरी बांधून ओढावी तर तेंहि चालत नाहीं, कारण इंजिन बंद असतांना पेटींतला तेलाचा पंप बंद असतो आणि चाकांबरोबर फिरणारे भाग तेलावांचून झिजतात. शेवटीं तारा जोडून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सुरू करावी लागली. त्या दिवशीं दादा घरीं आले ते शीळ घालीत.

म्हणूनच जीप विकलेली नाहीं. तिला नवी क्लचप्लेट घातली आहे, आणि धाकटी पुतणी ती शिकते आहे. रविवारीं दादा तिला त्याच वळणावर नेतात, मध्येंच थांबवितात, आणि हँडब्रेक ओढून, क्लच पकडेपर्यंत थांबून, मग हँडब्रेक सोडून गाडी कशी काढावी तें खुर्चीवर बसून बाहेरून सांगतात. ट्रॉली लावलेली नसते. दगड लावावयाचें काम आमच्याकडे असतें.